पेटी कोणत्या काळाची? जुन्या ट्रॅक्टरच्या टूलबॉक्सविषयी एका रूढ मताचे खंडन

जुना ट्रॅक्टर पुन्हा उभा करायचा तर तो कारखान्याच्या दारातून ज्या दिवशी बाहेर पडला त्या दिवशी होता तसाच दिसला पाहिजे, हे मत जुन्या यंत्रांच्या हौशी मंडळींत आता जवळपास सर्वमान्य झाले आहे. इंजिन, बॉनेट, रेडिएटरची जाळी, चाकांच्या रिमा यांच्यापुरते त्या मतात तथ्य आहे. तोच नियम टूलबॉक्सला लावला जातो तेव्हा मात्र ट्रॅक्टरचे नुकसान होते. मडगार्डवर किंवा पायरीशेजारी बसवलेली, गावातल्या लोहाराने अथवा वेल्डरने घडवलेली पत्र्याची पेटी ग्राइंडरने कापून काढतात. जोडाच्या खुणा घासून सपाट करतात, भोके पुटीने बुजवतात आणि वरून कंपनीचा रंग मारतात. मग तिथे पार्ट्स बुकातल्या चित्राबरहुकूम केलेली नवी पेटी बसते आणि तिला ‘मूळ’ म्हटले जाते.

माझा पक्ष याच्या उलट आहे. ट्रॅक्टरचा काळ म्हणजे त्याच्या निर्मितीचा एक दिवस धरता येत नाही. तो ज्या रानात राबला, ज्या हातांनी दुरुस्त झाला, ती सगळी वर्षे त्याचा काळ होत. म्हणून त्या कामाच्या वर्षांत त्याच्यावर बसलेली पेटी हीच त्याची काळाला धरून असलेली पेटी. ती शिल्लक असेल तर राखावी. नसेल तर उरलेल्या खुणांवरून करावी आणि नवी आहे हे तिच्यावर लिहून ठेवावे. नुसत्या कॅटलॉगावरून केलेली पेटी ‘मूळ’ म्हणून मिरवू नये.

हा विचार मी नंदुरबार जिल्ह्यातल्या प्रकाशाच्या परिसरापुढे ठेवून करतो, त्याला कारण आहे. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचे हे गाव केदारेश्वरामुळे दक्षिण काशी म्हणून ओळखले जाते. भोवती तापीकाठची खोल काळी जमीन आहे. कापूस, ऊस, केळी, पपई, मिरची अशी पिके आहेत. शेतकऱ्याने ट्रॅक्टर घेतला तो या जमिनीसाठी घेतला, आणि तो कसा वापरला जाईल हे या जमिनीने ठरवले. शिवाय अवशेष कसे वाचावेत याचा एक मोठा धडा याच गावच्या पांढरीच्या टेकाडाने देशाला दिला आहे. त्याकडे पुढे येतोच.

पूर्वपक्ष

प्रतिपक्षाचे म्हणणे दुबळे करून खोडून काढण्यात काही पुरुषार्थ नाही. म्हणून ते पूर्ण ताकदीनिशी मांडतो. त्यात चार मुद्दे आहेत.

पहिला पुराव्याचा. कारखान्याने ट्रॅक्टर कसा बनवला याला पार्ट्स बुक, माहितीपत्रक, जुनी जाहिरात असा लेखी आधार असतो. गावात नंतर काय काय बसवले याला कागद नसतो. ज्याला कागद आहे तेच धरून चालावे, बाकी ऐकीव.

दुसरा शुद्धतेचा. नंतर जोडलेली प्रत्येक गोष्ट ही मूळ रचनेत झालेली भेसळ आहे. अभियंत्याने वजन, तोल, जागा यांचा विचार करून आराखडा केला. त्यावर कुणीतरी चार पत्रे जोडून ठोकळा बसवला. तो काढला तरच रचना नीट दिसेल.

तिसरा कायद्याचा. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकी वाहनांची विंटेज म्हणून नोंद करण्याची सोय केली. त्यात वाहन मूळ रूपात राखलेले असावे अशी अट आहे. सरकारच मूळ रूप मागते, तर आपण वेगळे का वागावे?

चौथा रूपाचा आणि किमतीचा. एकसंध दिसणारा, एका रंगाचा, एका काळाचा ट्रॅक्टर डोळ्यांना बरा वाटतो आणि त्याला मोलही जास्त येते.

हे चारही मुद्दे विचारी माणसांचे आहेत. तरी ते टिकत नाहीत.

कोणता कारखाना?

पुराव्याच्या मुद्द्यापासून सुरुवात करू. ‘कारखान्यातून निघाला तसा’ असे म्हणताना कोणता कारखाना आपल्या डोळ्यांपुढे असतो? आपल्याकडे भरवशाचा मानला गेलेला बी-२७५ घ्या. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने तो १९५८ साली इंग्लंडात ब्रॅडफर्ड इथे बनवायला घेतला. भारतात १९६३ मध्ये महिंद्र आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या भागीदारीतून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया उभी राहिली आणि १९६५ पासून मुंबईत कांदिवलीला हाच ट्रॅक्टर तयार होऊ लागला. मॅसी फर्ग्युसनचे घर कॉव्हेंट्रीचे. भारतात १९६० साली स्थापन झालेल्या टाफे कंपनीने हा ट्रॅक्टर मद्रासला आणला. झेटर चेकोस्लोव्हाकियातल्या बर्नोचा. त्याचे भारतीय अवतार बडोद्याच्या विश्वामित्रीला आणि १९७१ पासून एचएमटीच्या पिंजोरच्या कारखान्यात झाले. नाव आणि नंबर सारखा असला तरी कारखाने दोन, कच्चा माल दोन ठिकाणचा, सुटे भाग पुरवणारे वेगळे, आणि वर्षागणिक होत गेलेले बदल वेगळे.

आता हौशी माणसाच्या हाती जे पार्ट्स बुक येते ते पुष्कळदा विलायती आवृत्तीचे असते. तिकडे जुन्या फर्ग्युसन-फोर्डसनसाठी टूलबॉक्सच्या नव्या प्रतिकृती विकत मिळतात. त्या चित्रावरून किंवा प्रतिकृतीवरून केलेली पेटी कांदिवलीच्या ट्रॅक्टरवर चढवली की आपण एक विधान करत असतो: या ट्रॅक्टरवर अशी पेटी होती. त्या विधानाला त्या विशिष्ट ट्रॅक्टरपुरता काहीही आधार नसतो. कागद आहे, पण तो दुसऱ्याच यंत्राचा आहे. उलट मडगार्डवरची चार भोके, पत्र्यावरचा वेल्डिंगचा ओघळ, रंगाखाली उमटलेली पेटीची चौकट ही त्याच ट्रॅक्टरच्या अंगावरची साक्ष आहे. तिला ऐकीव म्हणून बाजूला सारणे आणि परक्या चित्राला प्रमाण मानणे, याला पुराव्याचा आदर म्हणता येणार नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९५१ साली सगळ्या भारतात मिळून ट्रॅक्टर होते सुमारे साडेआठ हजार. १९६१ पर्यंत ते एकतीस हजारांच्या घरात गेले. देशी उत्पादन १९६१-६२ साली अवघे ८८० होते. बाकीचे आयात होत. पुढे १९६५ नंतर राज्यांची कृषी उद्योग महामंडळे स्थापन झाली, आणि परदेशी ट्रॅक्टर त्यांच्यामार्फतही शेतकऱ्यांपर्यंत येऊ लागले. एवढ्या मोठ्या देशात इतके थोडे ट्रॅक्टर विखुरलेले असताना कंपनीचा मेकॅनिक हाकेच्या अंतरावर असणे शक्य नव्हते. शेतकरी, ड्रायव्हर, लोहार आणि तालुक्याच्या गावचा फिटर यांनीच ट्रॅक्टर चालता ठेवला. ट्रॅक्टर कांदिवलीला जुळवला गेला. त्याची कामाची घडण शहादा-प्रकाशाच्या शिवारात झाली. पेटी ही त्या घडणीचा भाग आहे.

टेकाडाचा धडा

शुद्धतेच्या मुद्द्याचे उत्तर प्रकाशाच्याच मातीत आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बी. के. थापर यांनी १९५५ साली इथल्या टेकाडाचे उत्खनन केले. त्यात वस्तीचे चार कालखंड हाती लागले: तळाशी ताम्रपाषाण काळ, वर लोखंड वापरणारे लोक, मग इसवी सनाच्या आगेमागेची शतके, आणि सर्वांत वर पूर्वमध्ययुग. तापीच्या खोऱ्याचा तीन हजार वर्षांहून जुना इतिहास या थरांनी सांगितला. तळचा थर सर्वांत जुना आणि मोलाचा, म्हणून वरचे तीन थर भेसळ समजून फावड्याने लोटून दिले असते तर हा इतिहास उरला नसता. थराची जागा, त्याची जाडी, त्यात सापडलेल्या वस्तू आणि त्यांचा वरच्या-खालच्या थराशी संबंध यांतूनच काळ वाचता येतो. वरचा थर गेला की खालच्याचाही अर्थ उणा होतो.

इमारतींच्या जतनात जगाने हेच तत्त्व स्वीकारले आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या अकराव्या कलमाचा आशय असा की, वास्तूत वेगवेगळ्या काळांनी घातलेली योग्य भर आदराने राखावी, कारण शैलीची एकरूपता हे जीर्णोद्धाराचे ध्येयच नाही. नवव्या कलमानुसार जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. बारावे कलम सांगते की, हरवलेल्या भागाच्या जागी नवा घातला तर तो एकूण रूपाशी जुळावा, तरी नवा म्हणून ओळखू यावा. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिवाने, २०१२ साली स्वीकारलेल्या तुरीन सनदेत हीच दृष्टी वाहनांना लावली आहे. वाहन वापरात असताना झालेले बदल त्याच्या इतिहासाचे अंग आहेत, आणि नव्याने घातलेल्या भागावर टिकाऊ खूण असावी, असे ती सांगते. रुळांवर न धावणारी सगळी यांत्रिक वाहने तिच्या कक्षेत येतात. ट्रॅक्टर त्यातून वगळण्याचे कारण नाही.

म्हणजे ज्या शुद्धतेच्या नावाने पेटी कापली जाते, ती शुद्धता जतनशास्त्राने केव्हाच नाकारली आहे.

पेटी काय सांगते

गावच्या पेटीत वाचण्यासारखे काय असते, असे कुणी विचारील. बरेच असते, फक्त वाचणारा हवा.

आधी जोड पाहावा. पत्र्याच्या कडा दुमडून रिव्हेट मारलेले असतील तर काम लोहाराच्या किंवा पत्रेवाल्याच्या हातचे. एकसारखा वेल्डिंगचा ओघळ असेल तर ते बहुधा आर्क वेल्डिंग, आणि त्याला वीज लागते. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० साली स्थापन झाले आणि खेडोपाडी वीज हळूहळू पोचत गेली. तेव्हा रिव्हेटची पेटी आणि वेल्डिंगची पेटी यांतल्या फरकातून गावच्या कारागिरीत झालेला बदल कळू शकतो. एकाच पेटीचे झाकण रिव्हेटचे आणि तळ वेल्डिंगचा असेल तर ती दोन वेळा, दोन काळांत हाताळली गेली असण्याचा संभव आहे.

मग आकार पाहावा. नांगरट आणि वखरणीपुरता ट्रॅक्टर असेल तर पेटी लहान पुरते: दोन-चार पाने, पक्कड, हातोडी, छन्नी, लिंच पिना, टॉप लिंकची जादा पिन, थोडी बाइंडिंग तार. पुरुषोत्तमनगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिल्यावर या भागात ट्रॅक्टरला उसाची वाहतूक मिळाली. भरलेली ट्रॉली रस्त्यावर पंक्चर झाली तर जॅक हवा, टायर काढायला पटाशा हव्यात, जॅकखाली ठेवायला लाकडाचा ठोकळा हवा, हुकाची जादा पिन हवी. एवढे सामान छोट्या पेटीत मावत नाही. मडगार्डवरची लहान पेटी आणि नंतर बसवलेली लांबट मोठी पेटी एकाच ट्रॅक्टरवर दिसली तर नांगराकडून वाहतुकीकडे सरकलेली शेती तिथे नोंदलेली आहे.

कडीकुलपाची जागाही बोलते. कारखान्याच्या पेट्यांना बऱ्याचदा साधी खिटी किंवा स्प्रिंगची चाप असते. गावच्या पेटीला कोयंडा आणि कुलूप असते, कारण ट्रॅक्टर रात्री शेतात उभा राही आणि चांगला पाना ही किमती वस्तू होती. तळाला पाडलेली बारीक भोके पावसाचे पाणी निघून जावे म्हणून. आत चिकटवलेला जुन्या ट्यूबचा तुकडा सामान खडखडू नये म्हणून. यातली एकही गोष्ट कुठल्या पार्ट्स बुकात मिळणार नाही. ती पेटीसोबतच राहते आणि पेटीसोबतच जाते.

आतले पाने

आता मुख्य मुद्दा. काळाला धरून पेटी बसवण्याचा आग्रह धरणारे बहुतेकजण पेटीच्या बाहेरच्या रूपापाशी थांबतात. आत मात्र बाजारातला चकचकीत मिलिमीटरचा सेट टाकतात. काळाची खरी चूक इथे होते आणि तिने यंत्राला प्रत्यक्ष इजाही होते.

बी-२७५ आणि जुना मॅसी यांचे नट-बोल्ट इंचांच्या मापाचे आहेत. अर्ध्या इंची पान्याचे तोंड १२.७ मिलिमीटर. त्या नटाला १३ चा पाना लावला की ०.३ मिलिमीटरची फट राहते. हलक्या हाताने चालून जाते. पण गंजलेला नट जोर लावून फिरवला की पाना सटकतो, नटाचे कोपरे मरतात आणि बोटांची सालटी निघतात. नऊ-सोळांश इंच म्हणजे १४.२९ मिलिमीटर, त्यावर १४ चा बसत नाही आणि १५ चा डुलतो. पाऊण इंचाला १९ चा जवळपास चपखल बसतो, म्हणून सगळीच मापे अशी जुळतील असा भ्रम होतो. त्याउलट झेटर, एचएमटी, आयशर ही मिलिमीटरवाली यंत्रे. त्यांच्या पेटीत इंची पाने घालणे तितकेच चुकीचे. विहिरीवर लिस्टरसारखे जुने विलायती तेल-इंजिन असेल तर तिसरेच माप आले: व्हिटवर्थ. त्यात पान्यावरचा आकडा तोंडाचे माप सांगत नाही, बोल्टच्या जाडीचे सांगतो. व्हिटवर्थच्या अर्ध्या इंची पान्याचे तोंड सुमारे ०.९२ इंच, म्हणजे २३.४ मिलिमीटर असते.

भारताने १९५६ साली वजनमापांचा कायदा करून मेट्रिक पद्धत स्वीकारली. तराजू आणि मोजपट्ट्या बदलल्या, पण शेतातले बोल्ट एका कायद्याने बदलत नाहीत. म्हणून एका शेतकऱ्याच्या एका पेटीत इंची, मिलिमीटर आणि व्हिटवर्थ अशी तिन्ही मापे एकत्र नांदत. जालंधरचे बिननावाचे घडीव पाने, नाशिकच्या टापरियाची पक्कड, ट्रॅक्टरसोबत आलेला एखादा कंपनीच्या नावाचा पाना, आणि लोहाराने लिफ स्प्रिंगच्या पट्टीतून केलेली पटाशी. प्रतिपक्ष याला गोंधळ म्हणेल. मी त्याला देशाच्या यंत्रयुगाचा नेमका दस्तऐवज म्हणतो. एकसारख्या पान्यांचा नवा कोरा संच ठेवून तो दस्तऐवज फेकून देणे हे अडाणीपणाचे आहे, मग पेटी कितीही ‘मूळ’ असो.

कायदा आणि किंमत

कायद्याच्या मुद्द्याचे उत्तर थोडक्यात देता येते. २०२१ च्या नियमांतला मूळ रूपाचा आग्रह चासी, बॉडी आणि इंजिन यांतल्या मोठ्या फेरबदलांविषयी आहे. चार बोल्टांनी बसवलेली पत्र्याची पेटी यांपैकी कशातच येत नाही. शिवाय नोंदणीचा नियम हा नोंदणीसाठी असतो. इतिहास कसा राखावा याचा निवाडा त्यावरून होत नाही.

किमतीविषयी एवढेच सांगावेसे वाटते की, नवी पेटी मूळ म्हणून विकणे ही घेणाऱ्याची फसवणूक आहे. आज ती कळली नाही तरी जाणकार वाढतील तशी कळेल. ज्या ट्रॅक्टरच्या अंगावर त्याच्या आयुष्याचा पुरावा शाबूत आहे तो पुढे अधिक मोलाचा ठरेल, कारण रंगवलेला ट्रॅक्टर केव्हाही करता येतो आणि पुसलेला पुरावा परत आणता येत नाही.

रूपाविषयी मतभेद राहील, त्याची मला खंत नाही. पण केवळ दिसण्यासाठी पुरावा नष्ट करण्याचा अधिकार कुणाला नाही, असे मला ठामपणे वाटते.

दुसऱ्या टोकाचे मत

आणखी एक गट आहे. तो म्हणतो, पेटीवर एवढा खल कशाला? प्लॅस्टिकचा डबा बांधला तरी पाने राहतात. हे मतही खोडले पाहिजे, कारण ते पेटीला क्षुल्लक ठरवते.

पेटी कधीच क्षुल्लक नव्हती. १९२० च्या दशकातल्या अमेरिकी फोर्डसनचा एक मोठा दोष असा की, मागे ओढण जड झाली की तो पुढून उचलला जाऊन ड्रायव्हरच्या अंगावर उलटे. त्यावर उपाय म्हणून मागच्या मडगार्डांना लांब शेपटी दिली. ट्रॅक्टर उचलला की ती जमिनीला टेकून आधार देई, आणि टूलबॉक्स त्याच शेपटीत सामावलेला होता. फर्ग्युसनच्या नांगराबरोबर येणाऱ्या पान्यावर इंचांच्या खुणा असत. नट फिरवायला आणि तास किती रुंद-खोल पडते हे मोजायला तोच पाना चाले. सामान आणि काम यांचा असा मेळ अभियंत्यांनी मुद्दाम घातला होता.

आपल्या रानात तर पेटीवर हंगाम अवलंबून असे. डिझेल संपू दिले की पाइपात हवा धरते. मग फिल्टरवरचा स्क्रू आणि इंजेक्टरच्या पाइपांचे नट सैल करून, पंपाची लिव्हर दाबत दाबत हवा काढावी लागते. योग्य मापाचा एक पाना जवळ असला तर हे काम थोड्या वेळाचे आहे. नसला तर कुणाला तरी शहाद्याला धाडावे लागे आणि वापसा आलेले रान तसेच पडून राही. काळ्या जमिनीत वापशाचे दिवस थोडे असतात. ओली असताना ती चाकाला धरते, वाळली की ढेकळे फुटत नाहीत. अशा वेळी जवळ पेटी असणे आणि नसणे यांत पेरणीचा फरक पडे. ज्या वस्तूवर पेरणी अडत होती, तिला आपण क्षुल्लक म्हणू शकत नाही.

एक अडचण आणि तिचे उत्तर

प्रतिपक्ष इथे एक रास्त प्रश्न विचारील: मग गेल्या दहा वर्षांत सुतळीने बांधलेला डबाही इतिहासच मानायचा का? सगळेच राखायचे ठरवले तर जीर्णोद्धाराला अर्थ काय उरला?

सगळेच राखावे असे मी म्हणत नाही. व्हेनिस सनदेचे अकरावे कलमही काढून टाकण्याला वाव ठेवते: काढायची गोष्ट फारशी मोलाची नसेल, आणि ती काढल्याने उघड होणारी फार मोलाची असेल, तर. मी तीन कसोट्या लावतो. ही गोष्ट ट्रॅक्टर शेतात रोज राबत होता त्या काळातली आहे काय? तिने खरोखर काम केले काय? ती राहिल्याने यंत्राला किंवा चालवणाऱ्याला धोका आहे काय? पहिल्या दोन कसोट्यांना उतरलेली पेटी राखावी. ट्रॅक्टर कोपऱ्यात पडून राहिल्यावर त्याला टांगलेला डबा पहिल्याच कसोटीला नापास होतो. पीटीओच्या फिरत्या दांड्याजवळ, हायड्रॉलिकच्या हातांच्या वाटेत किंवा चढायच्या पायरीवर आलेली पेटी मात्र ट्रॅक्टर चालवायचा असेल तर उतरवून ठेवावी. उतरवून ठेवणे आणि भंगारात घालणे यांत फरक आहे. ती ट्रॅक्टरसोबत जपावी आणि तिची जागा नोंदवावी.

कारखान्याची अस्सल पेटी शाबूत असेल तर तिचा मान पहिला, हेही मी निःसंकोच मान्य करतो. माझा वाद अस्सलाशी नाही. अस्सलाच्या नावाने उभ्या केलेल्या नकलेशी आहे.

मग पेटी कशी बसवावी

खंडन पुष्कळ झाले. आता मंडन.

काम सुरू करण्याआधी पेटीचे चारी बाजूंनी फोटो काढावेत, मापे घ्यावीत, आत काय काय आहे याची यादी करावी. तळाच्या गाळातही जुने वॉशर, तुटलेले शिअर बोल्ट सापडतात. तेही वेगळे बांधून ठेवावेत.

पेटी शिल्लक असेल तर गंज तारेच्या ब्रशने हलका काढावा, ग्राइंडर लावू नये. तळ सडला असेल तर तेवढाच पत्रा बदलावा. रंगाचे सगळे थर खरवडू नयेत. झाकणाच्या आत हाताएवढी जागा आहे तशी ठेवावी, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला थर मोजता येतील.

पेटी गेली असून खुणा उरल्या असतील तर भोकांचे अंतर आणि जोडांची रेघ यांवरून तिची लांबी-रुंदी ठरवावी. जुन्या ड्रायव्हरला विचारावे, घरातले लग्नकार्याचे किंवा पोळ्याचे जुने फोटो धुंडाळावेत. त्यांत ट्रॅक्टर अनेकदा उभा असतो. मग त्याच पद्धतीने, म्हणजे रिव्हेट असेल तर रिव्हेटने, साध्या काळ्या पत्र्याची पेटी करावी. साधी बिजागरी, सपाट खाचेचे स्क्रू आणि कोयंडा वापरावा. पॉप रिव्हेट, स्टेनलेसच्या कड्या, प्लॅस्टिकच्या चापा टाळाव्यात. आतून रेड ऑक्साइड मारावा, तळाला पाण्यासाठी भोके ठेवावीत. झाकणाच्या आत केल्याचे वर्ष पंचने ठोकावे.

खुणाही नसतील तर अंदाजाने इतिहास रचू नये. साधी पेटी करावी आणि ती बोल्टने बसवावी, वेल्ड करू नये; उद्या खरा पुरावा मिळाला तर ट्रॅक्टरला धक्का न लावता ती काढता आली पाहिजे. कारखान्याच्या मूळ ब्रॅकेटची जागा रिकामी दिसत असेल आणि तिथे प्रतिकृती बसवायची इच्छा असेल तर जरूर बसवावी, वर्ष ठोकून.

आतले सामान त्या ट्रॅक्टरच्या मापाचे असावे. इंची यंत्राला इंची, मिलिमीटरच्या यंत्राला मिलिमीटर. आणि घरच्या पेटीत जुन्या काळापासून मिश्र पाने असतील तर तीच राहू द्यावीत. शेवटी झाकणाच्या आत एक पत्रक लावावे: काय जुने, काय नवे, कोणी आणि केव्हा केले.

हे सगळे करायला फार खर्च येत नाही. लागते ते थोडे थांबणे आणि पाहणे. जुन्या पेट्या घडवणारे लोहार, फिटर आणि त्या वापरणारे ड्रायव्हर आता वयाने थकले आहेत, आणि त्यांची कारागिरी आपण भंगाराच्या भावाने विकत आहोत. तापीकाठच्या आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक ट्रॅक्टरमालकाला माझी विनंती आहे: ग्राइंडर लावण्याआधी पेटी उघडा, आत काय आहे ते लिहून काढा, ती कोणी केली हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, आणि ती कापायची की नाही हे मगच ठरवा.